आधी झाड बघ, मग काडी घे

काकू, सप्रेम नमस्कार.

मी वारज्याला राहते, वय ४१, बँकेत नोकरी. आमच्या सोसायटीची अर्धी गच्ची मला कुंड्यांसाठी मिळाली आहे. (उरलेल्या अर्धीवर पापड आणि सभासदांचे वाद वाळत असतात.) गुलाब, मिरच्या, गवती चहा जमतं. आता अंजीर लावायचं डोक्यात बसलंय. मे महिन्यात मोबाइलवरून पाच जातींच्या पाच काड्या मागवल्या, १,२५० रुपये मोजले. पाकीट नवव्या दिवशी आलं. काड्या कोऱ्या कोरड्या कागदात गुंडाळलेल्या, जरा सुरकुतलेल्या. लाल मातीत खोचल्या, रोज पाणी घातलं. तिघींनी काहीच केलं नाही. दोघींना पानं फुटली, मी घरभर सांगत सुटले, आणि अठराव्या दिवशी दोघींनी माना टाकल्या. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही.

भाऊ कॅलिफोर्नियात असतो, दिवाळीला येतोय. म्हणतो, बॅगेत दहा काड्या टाकून आणतो. इकडे रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्यानं ‘इस्रायली अंजिराचं कलम’ दाखवलं, तेही चांगलंच महाग. काडी घ्यावी की रोप? कुठून? आणि कोणत्या जातीचं? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

– अंजिराच्या नादाला लागलेली, वारजे

*

अगं, हाताच्या गुणाचं आधी मिटवू. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की अंजिराची काडी मुळं नसतानाही पानं काढते. तिच्यात गेल्या हंगामातलं अन्न साठवलेलं असतं. ऊब आणि ओल लागली की डोळा फुटतो. मुळं यायला त्यानंतरही दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्त. या मधल्या दिवसांत पानांवाटे पाणी उडत राहतं आणि खालून भरून देणारं कुणी नसतं. तू बँकेत आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते: ती पानं म्हणजे पगार नव्हता, मुदत ठेव मोडून चाललेला खर्च होता. अठराव्या दिवशी खातं रिकामं झालं. त्यात मे महिना, त्यात नऊ दिवस कोरड्या कागदात. त्या काड्या तुझ्याकडे आल्या तेव्हाच निम्म्या गेलेल्या होत्या. रोजच्या पाण्यानं उरलेल्या कुजल्या, एवढाच तुझा वाटा.

आता कुठून घ्यायची ते. तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा हसू आलं, रागावू नकोस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हडपसरवरून दिवे घाट चढलीस की पुरंदर तालुका लागतो. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, सिंगापूर, वाघापूर, राजेवाडी, हा सगळा अंजिराचा पट्टा. देशात अंजिराचं नाव काढलं की शेतकरी आधी या भागाचं नाव घेतात. ‘पुरंदर अंजीर’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि आपण मोबाइलवरून परराज्यातल्या अनोळखी माणसाकडून पाच काड्या मागवतो! पुण्यापासून सासवड तीसेक किलोमीटर, पीएमपीची बस जाते.

अंजिराची काडी बाजारात ‘शोधायची’ वस्तूच नाही, हे नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. जिथे बाग आहे तिथे ती दरवर्षी ढिगानं कापली जाते आणि बांधावर पडते. पुरंदरला अंजिराचे दोन बहार धरतात. पावसाळी तो खट्टा बहार आणि उन्हाळ्यात फळ देणारा तो मीठा बहार. आपण मार्च-एप्रिलमध्ये पाटीतून विकत घेतो ती गोड फळं मीठ्या बहाराची. बहार धरायचा म्हणजे बागेला पाण्याचा ताण द्यायचा, मग छाटणी करायची, खतं घालायची आणि पाणी सोडायचं. मीठ्या बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. म्हणजे गौरी-गणपती उरकले की तुझा मुहूर्त. तू साडेबाराशे रुपयांना पाच घेतल्यास, तिथे एका झाडाखाली पन्नास पडलेल्या दिसतील.

पुस्तकांत वाचशील की काडी ऐन थंडीत, झाड सुस्तावलेलं असताना घ्यावी, आणि त्यात खोटं काही नाही. कुणाच्या परसात बहार न धरलेलं मोकळं झाड असेल तर जानेवारीत त्याची काडी घे, उत्तम रुजेल. पण पुरंदरच्या बागा जानेवारीत फळानं भरत असतात. त्या वेळी जाऊन ‘एक फांदी कापून द्या’ म्हणालीस तर बागवाला तुलाच छाटेल. म्हणून तिथे छाटणीच्या दिवसांतच जायचं.

जाताना रीत पाळ. बांधावरून मोबाइल धरून फोटो काढत फिरू नकोस. विमानतळासाठी जमिनी जाणार या विषयानं तिकडची मंडळी आधीच गांजलेली आहेत, शहरी पोशाखातलं अनोळखी माणूस बांधावर दिसलं की एजंट आला की मोजणीवाला, हीच शंका आधी येते. सरळ वस्तीवर जा, ‘दादा, कुंडीत अंजीर लावायचंय, छाटणीच्या चार काड्या मिळतील का’ असं विचार. माझ्या इतक्या वर्षांत काडीचे पैसे कुणी घेतलेले नाहीत, उलट चहा पाजला. आपण मात्र रिकाम्या हातानं परतायचं नाही. त्या दिवसांत तिकडे सीताफळं असतात, दोन-चार किलो घ्यायची, भाव न करता.

शेतात जायचा संकोच वाटत असेल तर जाधववाडीला जा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र तिथे आहे, पुरंदर तालुक्यातच. आधी फोन करून रोपं शिल्लक आहेत का ते विचार, हेलपाटा वाचेल. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाजवळ प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, तिथेही विचारून ठेव. सरकारी ठिकाणी पावती मिळते आणि पावतीवर जातीचं नाव असतं. ही किती मोठी गोष्ट आहे ते तुला थोड्या वेळानं कळेल.

त्याआधी तुझा नर्सरीवाला. त्यानं ‘कलम’ म्हटलं आणि तू मान डोलावलीस ना? इथेच नवखी माणसं फसतात. आपल्याकडे ‘कलम’ हा शब्द कशालाही लावतात. नुसती कापलेली काडी म्हणजे कलम, मुळं फुटलेली काडी म्हणजे कलम, फांदीला झाडावरच शेवाळ बांधून मुळं आणवतात ती गुटी म्हणजे कलम, आणि दुसऱ्याच खुंटावर बांधलेलं तेही कलमच. कधी कधी बियांपासून उगवलेलं रोपसुद्धा ‘कलम’ म्हणून खपतं. तेव्हा एकच विचारायचं: हे काडीचं, गुटीचं की बियाचं? आणि आईझाड कुठे आहे? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. दुसऱ्याला बहुतेक वेळा फोटो मिळतो, निळंजांभळं फळ, आत लालभडक गर, आणि मागे कुठला तरी भूमध्य समुद्र. फोटोतल्या झाडाची काडी कुणी कापून आणलेली नसते. ‘इस्रायली’ हे जातीचं नाव नव्हे, ते विक्रीचं नाव. तसंच ‘तैवानी’. ‘दुर्मीळ’ म्हणून सांगतात ते तर उंबराचं फूल, ऐकायला सगळ्यांनी ऐकलेलं, पाहिलेलं कुणी नाही.

बियांचं रोप का नको, तेही सांगते, कारण सुक्या अंजिराच्या बिया पेरायची कल्पना तुला आज ना उद्या सुचणारच. सुका अंजीर बहुधा तुर्कस्तानकडच्या जातीचा असतो आणि त्या जातीत फळ धरायला परागण लागतं. त्यामुळे बिया उगवतात झकास. पण उगवलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, खाण्याजोगं फळ न देणारी, आणि उरलेल्यांचंही फळ आईसारखं असेलच असं नाही. हे कळायला तीन-चार वर्षं कुंडी अडवून बसावं लागतं. आपल्या पुणेरी अंजिराच्या बिया मात्र पोकळ असतात, पेरल्या तरी उगवणार नाहीत. त्याला परागणाशिवायच फळ धरतं.

यावरून एक जाता जाता. ‘अंजिरात किडा असतो म्हणे, उपासाला चालतं का’ हा प्रश्न मला वर्षातून दहादा येतो. परागणासाठी काही जातींच्या अंजिरात एक छोटी गांधीलमाशी शिरते, पण पुरंदरच्या अंजिराला तिची गरजच नाही. फळ फोडल्यावर आत किडा दिसलाच तर तो साधा नेहमीचा, जास्त पिकलेल्या फळात शिरलेला. बिनधास्त खा.

हीच गोष्ट तुझ्या भावाच्या बॅगेशी जोडलेली आहे. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात शेतकऱ्यांनी तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागातून अंजिराच्या काड्या मागवल्या. रुजल्या छान, झाडं झाली, फळंही दिसू लागली, आणि कच्ची असतानाच टपाटपा गळू लागली. वर्षानुवर्षं हेच. आपल्याला मुद्दाम खोटी काडी देऊन फसवलं, असा लोकांना संशय. खरं कारण असं की त्या जातीला रानटी नर अंजिरात राहणारी गांधीलमाशी लागते आणि ती त्यांच्याकडे नव्हती. शेवटी माशी आणून १८९९ मध्ये तिथे रुजवली, तेव्हा कुठे फळ टिकलं. त्या जातीला पुढे ‘कॅलिमिर्ना’ म्हणू लागले. आता तुझा भाऊ जर शेजाऱ्याच्या अंगणातल्या याच झाडाची काडी घेऊन आला, तर तू पाच वर्षं खतपाणी घालून कच्ची फळं झाडण्याचं काम करशील. वारज्यात ती माशी नाही.

पण हे कारण दुय्यम. मुख्य कारण कायद्याचं. परदेशातून झाडाचा जिवंत भाग आणायचा तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना लागतो, तिकडच्या सरकारी खात्याचं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि इथे उतरल्यावर तपासणी होते. सॉक्समध्ये गुंडाळून आणलेल्या काडीकडे यांतलं काही नसतं. ‘सगळेच आणतात’ हे मला सांगू नकोस. गाजरगवत या देशात कुणी हौसेनं लावलं नव्हतं, ते धान्याबरोबर आलं असं मानतात, आणि आज आपण उपटतोय. तुझ्या एका कुंडीसाठी, दिवे घाटापलीकडे ज्यांचं घर अंजिरावर चालतं त्यांच्या बागेत नवा विषाणू पोचवायचा नाही. भावाला काय आणायला सांगायचं ते शेवटी सांगते.

आता काडी घ्यावी की रोप? या बाबतीत माझं मत ठाम आहे आणि ते मी पैसे मोजून बनवलंय. आठेक वर्षांपूर्वी हायवेलगतच्या एका नर्सरीतून मी अंजिराचं देखणं रोप आणलं, चांगलं दोन फूट उंच. अर्ध्या ड्रममध्ये लावलं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी झाड वाढेचना. पानं लहान, फळं धरून गळायची. खत वाढवलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं. शेवटी वैतागून ड्रम उलटा केला तर मुळांवर गाठीच गाठी, मण्यांची माळ ओवावी तशा. सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे जंत, ते रोपाच्या पिशवीतल्या मातीतून आले होते. अंजिराला त्यांचा भारी त्रास. आणि माझा शहाणपणा असा की ती ‘चांगली पोसलेली’ माती मी टोमॅटोच्या कुंड्यांत वाटून टाकली. पुढच्या हंगामात टोमॅटोच्या मुळांनाही माळा.

म्हणून सांगते, उघडी काडी घेण्यात नवख्याचा मोठा फायदा आहे. तिच्याबरोबर माती येत नाही, म्हणून सूत्रकृमीही येत नाहीत. दहातल्या सहा मेल्या तरी चार उरतात आणि हात बसतो. रोप घ्यायचंच असेल तर नर्सरीवाल्यासमोर पिशवी हळूच खाली सरकवून मुळं बघ. पांढरी, सरळ, बिनगाठीची हवीत. बघू देत नसेल तर नको घेऊस. गुटी मिळाली तर तीही चांगली, फक्त शेवाळ बांधलेली, मातीत न लावलेली माग.

काडी फुकट मिळतेय म्हणून दिसेल ती उचलायची नाही. खरं तर काडीच्या आधी झाडाकडे बघायचं. पानांवर पिवळट ढगाळ डाग असतील, पान वेडंवाकडं झालेलं असेल, तर तो मोझॅक. हा विषाणू काडीतून तुझ्या घरी येतो आणि त्याला औषध नाही. त्या झाडाची काडी कुणी सोन्याच्या ताटात दिली तरी परत कर. पानांच्या खालच्या बाजूला विटकरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. तो पावसाळ्यात सगळीकडे असतो, त्याला भ्यायचं नाही, सगळी पानं काढून नुसती काडी आण म्हणजे झालं. खोडाला भोक आणि खाली भुसा पडलेला दिसला तर आत अळी आहे, तिथली फांदी नको.

मग काडी. पेन्सिलीपेक्षा बारीक नको, अंगठ्यापेक्षा जाड नको. गेल्या हंगामातली, तपकिरी-राखाडी सालीची, पेरं जवळजवळ असलेली. शेंड्याची हिरवी लुसलुशीत फांदी मोहात पाडते, पण आतला गाभा मऊ असतो आणि ती आठवड्यात काळी पडते. वीतभर लांबी, तीन-चार डोळे पुरेत. नखानं साल किंचित खरवड, खाली हिरवं दिसायला हवं. ताज्या कापावर पांढऱ्या चिकाचा ठिपका आला की काडी जिवंत. सुरकुती पडली असेल, वाजवल्यावर शेंगेसारखी खुळखुळीत लागली, तर तिचं कार्य उरकलंय. सालीवर खवले किडे किंवा पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसला तर जुन्या टूथब्रशनं घासून काढ, फार असेल तर नकोच.

हा चीक मात्र पपईच्या चिकाचा थोरला भाऊ आहे. उघड्या हातावर लागला आणि त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते, डाग महिनाभर जात नाहीत. हातमोजे ने. मी एकदा बिनबाह्यांच्या ब्लाउजवर गेले होते, पुढे लग्नसराई होती, बाकी विचारू नकोस.

बरोबर ओला करून पिळलेला जुना पंचा, प्लास्टिकची पिशवी आणि मार्कर घे. कापल्याबरोबर खालचं टोक कोणतं ते खूण कर. खाली सरळ काप, वर तिरका, ही जुनी युक्ती. उलटी खोचलेली काडी मी एक महिना वाट बघून उपटलेली आहे. काडीवर गावाचं नाव आणि तारीख लिही. घरी आल्यावर लगेच लावायला जमलं नाही तर ओलसर कागदात आणि पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेव, दोन-तीन आठवडे निभावतात. सासूबाईंना आधी सांगून ठेव, नाहीतर शेवग्याच्या शेंगा समजून आमटीत पडतील.

रुजवायचं म्हणशील तर, लाल माती विसर. दोन लिटरची पारदर्शक बाटली गळ्याखाली काप, तळाला भोकं पाड. कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी. ओल किती? मुठीत घट्ट दाबलं तर एखाद-दुसरा थेंब निघावा, धार नको. दोन डोळे आत, एक बाहेर. रूट पावडर असेल तर टोकाला लाव, नसेल तर अडत नाही, अंजीर स्वभावानं रुजणारं झाड आहे. वरून बाटलीचा कापलेला भाग झाकण म्हणून सैल ठेव, म्हणजे पानांतून पाणी कमी उडतं. गच्चीत नको, बाल्कनीत किंवा खिडकीत, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. आणि मग पाणी घालायचं नाही. बाटली उचलून बघ, हलकी लागली तरच चमचाभर घाल. पानं फुटली तरी घरभर सांगायचं नाही. बाटलीच्या भिंतीला पांढरी मुळं टेकलेली दिसली की सांग. चार ते सहा आठवडे धर. नुसत्या पाण्याच्या बाटलीत मुळं फुटवणारेही भेटतील. फुटतात, पण ती ठिसूळ असतात आणि मातीत हलवताना नवख्याच्या हातून मोडतात.

मुळं तपकिरी होऊ लागली की पिशवीत, मग रोज थोडं थोडं ऊन, आणि वर्षभरानं १८ इंची ग्रो बॅग किंवा अर्धा ड्रम. तळाशी विटा ठेव, मुळं गच्चीच्या स्लॅबशी सलगी करायला लागली तर सोसायटीची बैठक लागेल. वारज्याला सासवडपेक्षा पाऊस बराच जास्त, त्यामुळे भादव्यात तांबेऱ्यानं तुझं झाड उघडंबोडकं होईल. घाबरून उपटू नकोस, पुन्हा फुटतं. फळं धरली की मलमलच्या पिशव्या बांध, बुलबुल आणि खारी तुझ्याआधी उठतात.

राहिली जात. यावर लोक तासन्‌तास भांडतात, माझ्याकडे दोन वाक्यं आहेत. पहिलं झाड पुणेरी अंजीर, पुरंदरच्या बागेतलं, बाकी काही नाही. इथल्या हवेत, इथल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेलं, पातळ सालीचं आणि गुलाबी गराचं. जाधववाडीला राहुरी विद्यापीठाची ‘फुले राजेवाडी’ मिळाली तर ती घे. मराठवाड्यात दौलताबादच्या अंजिरातून निवडलेली ‘दिनकर’ आहे, कुणी तिकडून येणार असेल तर तीही. ‘डायना’, ‘ब्राऊन टर्की’ वगैरे दुसऱ्या वर्षी बघ, आणि तेव्हाही कुणाच्या तरी गच्चीवर फळ खाऊन. ‘ब्राऊन टर्की’ नावाखाली जगभर इतकी वेगवेगळी झाडं विकली जातात की नुसत्या नावाला काही अर्थ उरत नाही. पावतीचं महत्त्व मी मघाशी म्हटलं ते याचसाठी. नाव फळानं सिद्ध होतं किंवा आईझाडानं, नर्सरीवाल्याच्या चिठ्ठीनं नव्हे.

आणि हो, तुझ्या गच्चीवरचं फळ कितीही गोड निघालं तरी त्याला ‘पुरंदर अंजीर’ म्हणून विकायला जाऊ नकोस. मानांकन त्या मातीतल्या फळाला आहे, काडीला नाही.

मार्चमध्ये पुन्हा एकदा त्याच बागेत जा, ज्या झाडाची काडी आणलीस त्याचं फळ झाडाखाली उभं राहून खा. आवडलं नाही तर दुसरं झाड बघ, तुझी फक्त एक बाटली वाया जाईल. पाच-सहा महिने उलट्या क्रमानं चाललीस एवढंच, या वर्षी त्याला इलाज नाही.

भावाला सांग, काड्या नकोत, एक चांगला धारदार सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आण. बॅगेतून आण म्हणावं, हातातल्या सामानात नको, विमानतळावर काढून घेतील.